लाभ कोणाचा, जोखीम कोणाची? : जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाविषयीच्या चर्चेची चिकित्सा

प्रस्तावना :

अणुऊर्जेचे फायदे व धोके हा विषय महाविद्यालयीन वक्तृत्व आणि निबंध स्पर्धांत इतक्या वेळा येऊन गेला आहे की, दोन्ही बाजूंची वाक्ये विद्यार्थ्यांना तोंडपाठ झाली आहेत. समर्थक ‘स्वच्छ, स्वस्त आणि सुरक्षित’ ही विशेषणे वापरतात. विरोधक चेर्नोबिल व फुकुशिमा ही नावे घेतात. टाळ्या दोघांनाही मिळतात. या पाठांतरात एक गोष्ट मात्र निसटते. ‘अणुऊर्जा’ नावाची वस्तू कोणत्याही गावात बांधली जात नाही. बांधली जाते ती विशिष्ट बनावटीची, विशिष्ट किमतीची, विशिष्ट करारान्वये आणलेली अणुभट्टी, आणि तीही कोणाच्या तरी सातबाऱ्यावर. म्हणून लाभहानीचा विचार सर्वसामान्य पातळीवर करून भागत नाही. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर तो विचार तारापूरच्या अनुभवाच्या आधारे आणि जैतापूरच्या संदर्भात करावा लागतो.

रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर तालुक्यात माडबन व परिसरातील गावांची सुमारे ९३८ हेक्टर जमीन या प्रकल्पासाठी संपादित करण्यात आली. प्रत्येकी १६५० मेगावॉट क्षमतेच्या सहा फ्रेंच अणुभट्ट्या, एकूण ९९०० मेगावॉट, अशी मूळ योजना होती. २००५ मध्ये या जागेला तत्त्वतः मान्यता मिळाली, नोव्हेंबर २०१० मध्ये ३५ अटींसह पर्यावरणीय मंजुरी देण्यात आली, आणि डिसेंबर २०१० मध्ये फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांच्या भारतभेटीत अरेवा या कंपनीशी प्राथमिक करार झाले. पुढे अरेवाचा अणुभट्टी व्यवसाय ‘ईडीएफ’ या फ्रेंच सरकारी वीज कंपनीकडे गेला व तिने एप्रिल २०२१ मध्ये आपला तांत्रिक-व्यापारी प्रस्ताव सादर केला. एवढा काळ लोटूनही माडबनच्या सड्यावरून एक युनिट वीज निघालेली नाही. तरीही या प्रकल्पावरील चर्चेने मराठी वैचारिक विश्वात जे साहित्य निर्माण केले, ते तपासण्याजोगे आहे. कारण डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने अणुऊर्जा क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले करणारा ‘शांती’ कायदा संमत केला आणि जुने प्रश्न नव्याने पुढे आले.

कुरुंदवाडहून दिसणारे जैतापूर :

कुरुंदवाड ते माडबन हे सरळ रेषेतील अंतर सुमारे १३० किलोमीटर आहे. भारतीय नियमांनुसार अणुप्रकल्पाभोवतीचे आपत्कालीन नियोजनाचे क्षेत्र १६ किलोमीटरचे मानले जाते. म्हणजे शिरोळ तालुका जोखमीच्या अधिकृत नकाशाबाहेर आणि लाभाच्या नकाशात आहे. येथील ऊसशेतीला पाणी उपसण्यासाठी वीज हवी, इचलकरंजीच्या यंत्रमागांना हवी, साखर कारखान्यांच्या परिसरातील लहानमोठ्या उद्योगांना हवी. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने जे दीर्घ भारनियमन सोसले, ते ज्यांनी अनुभवले त्यांच्यापुढे ९९०० मेगावॉट हा आकडा ठेवला की फारसे प्रश्न विचारले जात नाहीत. हे स्वाभाविक आहे. परंतु लाभार्थ्याने केलेली लाभहानीची बेरीज आणि जोखीम वाहणाऱ्याने केलेली बेरीज सारखी येत नाही, हे याच तालुक्याला अन्य एका बाबतीत पुरते ठाऊक आहे.

कृष्णा-पंचगंगेच्या संगमालगतचा हा प्रदेश २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही महापुरांत बुडाला. वरच्या बाजूला कोयना, राधानगरी ही धरणे. खालच्या बाजूला कर्नाटकातील अलमट्टी. वीज आणि सिंचनाचा लाभ दूरदूरच्या प्रदेशांना, आणि विसर्गाचे किंवा फुगवट्याचे भय मात्र नदीकाठच्या गावांना, अशी येथील लोकभावना आहे. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने अतिवृष्टी हे मुख्य कारण मानले व अलमट्टीला थेट दोष दिला नाही. समितीचे गणित तांत्रिकदृष्ट्या बरोबर असू शकेल. तरी नदीकाठाचे समाधान झाले नाही. ज्या यंत्रणा धरणे चालवतात त्यांच्याच आकडेवारीवर हा निष्कर्ष उभा आहे, ही शंका लोकांच्या मनातून गेली नाही. नाटे व माडबन येथील मच्छीमार आणि आंबा-बागायतदार यांची शंका नेमकी याच जातीची आहे. कुरुंदवाडचा वाचक जैतापूरकडे लाभार्थी म्हणून पाहत असला, तरी त्या शंकेची भाषा त्याला परकी नाही.

क्षारपड जमिनीचे उदाहरण आणखी बोलके आहे. उपसा सिंचनाने शिरोळ तालुक्यात समृद्धी आणली. लाभ पहिल्या दशकात दिसला, मीठ फुटलेली जमीन पुढच्या पिढीच्या वाट्याला आली, आणि भूमिगत निचऱ्याच्या नळ्या घालून ती सुधारण्याचा खर्च त्याहून पुढे करावा लागला. लाभ आधी आणि बिल नंतर ही रचना अणुऊर्जेतही आहे. वापरलेल्या इंधनाची व्यवस्था व आयुष्य संपलेल्या भट्टीचे विसर्जन हे दोन्ही खर्च वीज वापरून झाल्यानंतरचे आहेत.

मृत्यूंचे गणित आणि विरोधकांची कमकुवत बाजू :

विरोधकांच्या मांडणीतील सर्वांत दुबळा भाग प्रथम स्पष्ट केला पाहिजे. अणुऊर्जा ही माणसे मारणारी वीज आहे, हे विधान आकडेवारीच्या कसोटीवर टिकत नाही. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिल येथे झालेल्या अपघातात तीव्र किरणोत्सर्गाने त्या वर्षी २८ कर्मचारी व अग्निशामक मृत्यू पावले. पुढे बालपणी किरणोत्सर्गाच्या संपर्कात आलेल्यांत थायरॉइडच्या कर्करोगाचे सुमारे सहा हजार रुग्ण नोंदले गेले, त्यांतील बहुसंख्य उपचारांनी वाचले. सर्वाधिक बाधित लोकसमूहांत अंतिमतः चार हजारांपर्यंत मृत्यू संभवतात, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेचा सहभाग असलेल्या अभ्यासगटाने २००५ मध्ये वर्तविला. ११ मार्च २०११ च्या फुकुशिमा अपघातात किरणोत्सर्गाने तत्काळ कोणी दगावले नाही. मात्र दीड लाखांहून अधिक लोकांच्या स्थलांतरात, विशेषतः वृद्धांच्या हलवाहलवीत व नंतरच्या हालअपेष्टांत दोन हजारांवर मृत्यू झाले.

याच्या शेजारी कोळसा ठेवावा. ‘अवर वर्ल्ड इन डेटा’ या ऑक्सफर्डस्थित उपक्रमाने संकलित केलेल्या अभ्यासांनुसार १०० कोटी युनिट विजेमागे कोळशामुळे सुमारे २५ मृत्यू होतात, तर अणुऊर्जेमुळे, चेर्नोबिल व फुकुशिमा धरूनही, ०.०३. कोळशाचा हा आकडा युरोपीय परिस्थितीवर आधारलेला आहे. चंद्रपूर किंवा कोराडीच्या परिसराला तो जसाच्या तसा लावणे योग्य नव्हे, कदाचित तो तेथे तोकडाच पडेल. कार्बन उत्सर्जनाच्या बाबतीतही हेच. आंतरशासकीय हवामानबदल मंडळाने २०१४ मध्ये दिलेल्या मध्यक अंदाजानुसार संपूर्ण जीवनचक्र धरता कोळशाच्या विजेचे उत्सर्जन प्रति युनिट ८२० ग्रॅम, अणुविजेचे १२ ग्रॅम. जैतापूरच्या ९९०० मेगावॉटने ८५ टक्के भारांकाने वीज निर्माण केली तर ती वर्षाला सुमारे ७,३७० कोटी युनिट होईल, आणि ती कोळशाच्या जागी आली तर दरवर्षी सुमारे सहा कोटी टन कार्बन डायऑक्साइड टळेल. हा लाभ क्षुल्लक नाही. हवामानबदलाबद्दल कळवळा बाळगणाऱ्या कोणाही अभ्यासकाला तो बाजूला सारता येत नाही. जर्मनीने १५ एप्रिल २०२३ रोजी आपल्या शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या, तेव्हा तेथे कोळशाची केंद्रे चालूच होती; हा क्रम उलटा असायला हवा होता, असे म्हणण्यास जागा आहे.

परंतु या गणितातून समर्थक जो निष्कर्ष काढतात, तो त्यातून निघत नाही. सरासरी मृत्युदर ही एक गोष्ट, आणि एका ठरावीक प्रदेशाचे एका दिवसात उद्ध्वस्त होणे ही दुसरी. कोळसा रोज थोडा थोडा मारतो व सर्वत्र मारतो; अणु-अपघात क्वचित होतो, पण झाला तर एका तालुक्याचे घरदार, शेती, मासेमारी आणि नाव एकदम काढून घेतो. फुकुशिमाच्या परिसरातील शेतमालाला व माशांना अपघातानंतर किती काळ गिऱ्हाईक मिळत नव्हते, हे हापूसची बाजारपेठ ज्यांचे सर्वस्व आहे अशा राजापूर-देवगडच्या बागायतदाराला सांगावे लागत नाही. प्रति युनिट मृत्युदरात हा तोटा कोठेही नोंदला जात नाही. लोक ‘अडाणी भीती’ बाळगतात, असे म्हणणारे तज्ज्ञ ही भिन्न परिमाणे एकाच काट्यावर तोलतात.

तारापूर : साक्ष आणि पुरावा

तारापूरचे केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. अमेरिकी कंपनी जनरल इलेक्ट्रिकने उभारलेल्या पहिल्या दोन भट्ट्या पुढे प्रत्येकी १६० मेगावॉटवर चालविल्या गेल्या. २००५ व २००६ मध्ये ५४० मेगावॉटच्या दोन स्वदेशी भट्ट्या त्यांना जोडल्या गेल्या. अर्धशतकाहून अधिक काळात येथे लोकवस्तीला हलवावे लागेल असा अपघात झाला नाही, ही वस्तुस्थिती नोंदविणे प्रामाणिकपणाचे आहे. त्याचबरोबर तारापूरने परावलंबित्वाचा धडाही दिला. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने समृद्ध युरेनियमच्या पुरवठ्यात अडथळे आणले. मग फ्रान्स, पुढे चीन व रशिया अशी दारे ठोठवावी लागली. नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या स्वदेशी जडपाणी भट्ट्यांना हा जाच तितकासा नाही. जैतापूरच्या फ्रेंच भट्ट्यांना मात्र समृद्ध युरेनियम लागणार आहे. ऊर्जा-स्वयंपूर्णतेच्या नावाने या प्रकल्पाचे समर्थन करणाऱ्यांनी ही बाब क्वचितच ठळकपणे मांडली.

तारापूरच्या विस्तारासाठी पोफरण व अक्करपट्टी ही गावे उठवण्यात आली. या विस्थापितांचे आणि परिसरातील आजारांचे चित्रण प्रदीप इंदुलकर यांच्या ‘हाय पॉवर’ या माहितीपटात आहे. इंदुलकर हे स्वतः भाभा अणुसंशोधन केंद्रात काम केलेले अभियंते असल्याने या माहितीपटाला विशेष वजन प्राप्त झाले. रिओ द जानेरोच्या युरेनियम चित्रपट महोत्सवात २०१३ मध्ये त्याला पुरस्कारही मिळाला. विस्थापनाविषयी हा माहितीपट जे सांगतो ते विश्वसनीय आणि अस्वस्थ करणारे आहे: मोठ्या वाड्यांतून लहान घरांत आलेली कुटुंबे, समुद्रापासून तुटलेले मच्छीमार. आजारांविषयी तो जे सुचवितो, त्याबद्दल मात्र सावध राहावे लागते. एखाद्या गावात कर्करोगाचे किंवा वंध्यत्वाचे इतके रुग्ण आहेत, या साक्षीला तुलनेसाठी दुसरे गाव लागते, वयोगट लागतात, तारापूरच्या रासायनिक औद्योगिक वसाहतीचा प्रभाव वेगळा काढावा लागतो. साक्ष ही साक्ष असते. तिला साथरोगशास्त्राचा निष्कर्ष मानल्याने चळवळीचेच नुकसान होते.

येथे दोष केवळ माहितीपटाकडे जात नाही. अणुकेंद्रांच्या परिसरात कर्करोगाचे प्रमाण वाढलेले नाही, असे सांगताना अणुऊर्जा महामंडळ ज्या सर्वेक्षणांचा आधार घेते, त्यांत टाटा मेमोरिअल केंद्राचा सहभाग ठळकपणे सांगितला जातो. या संस्थेची वैद्यकीय प्रतिष्ठा वादातीत आहे. परंतु ती अणुऊर्जा विभागाच्याच अनुदानावर चालते. निष्कर्ष बरोबर असूनही विश्वास बसत नाही, तो अशा रचनेमुळे. अणुऊर्जा नियामक मंडळाचेही तसेच. १९८३ मध्ये स्थापन झालेले हे मंडळ ज्या आयोगाच्या अखत्यारीत होते, त्याच आयोगाचे प्रमुख हे वीजनिर्मितीचा पुरस्कार करणाऱ्या विभागाचेही सचिव होते. महालेखापरीक्षकांनी २०१२ मध्ये या मंडळाला स्वायत्त वैधानिक दर्जा नसल्यावर नेमके बोट ठेवले. हा दर्जा देण्याची तरतूद होण्यास २०२५ चा कायदा यावा लागला. जमावासमोर नियामकाने ‘सर्व सुरक्षित आहे’ असे सांगावे आणि जमावाने विचारावे की तुमचा पगार कोण देतो, या प्रसंगात जमाव अडाणी ठरत नाही.

आपल्या शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील कैगा केंद्राचा दाखलाही येथे उपयुक्त आहे. मे १९९४ मध्ये तेथे बांधकाम चालू असताना भट्टीच्या घुमटाच्या आतील काँक्रीटचा थर कोसळला. नोव्हेंबर २००९ मध्ये तेथील पिण्याच्या पाण्याच्या शीतकात कोणीतरी ट्रिटियमयुक्त जडपाणी मिसळल्याने पन्नासहून अधिक कर्मचाऱ्यांच्या शरीरात ते आढळले. दोन्ही घटनांत परिसराला इजा झाली नाही. पण पहिली घटना बांधकामातील त्रुटीची, दुसरी आतल्याच माणसाच्या खोडसाळपणाची. भट्टीच्या आराखड्यातील सुरक्षेचे कितीही थर सांगितले तरी या दोन गोष्टी त्या थरांत बसत नाहीत.

भूकंपाचा वाद :

११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाने पश्चिम महाराष्ट्राच्या मनात दख्खनच्या ‘स्थिर’ कातळाविषयीची खात्री कायमची ढिली केली. कोयना धरण माडबनपासून सुमारे १०० किलोमीटरवर आहे. भूशास्त्रज्ञ विनोद गौर आणि रॉजर बिल्हॅम यांनी २०११ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात जैतापूर परिसरातही सहा रिश्टरच्या आसपासचा भूकंप अशक्य मानता येत नाही, अशी मांडणी केली. अधिकृत बाजूने जागेच्या निकट सक्रिय भ्रंश नसल्याचे उत्तर देण्यात आले. हा वाद विद्वत्तेच्या पातळीवर चालला, ही त्याची जमेची बाजू. भट्टी त्या तीव्रतेचा धक्का सहन करील अशी बांधता येते, हेही खरे. फुकुशिमात भट्ट्या धक्क्याने नव्हे, तर त्सुनामीने वीजपुरवठा व शीतकरण बंद पडल्याने वितळल्या. म्हणून भूकंपाचा मुद्दा जैतापूरविरोधातील निर्णायक मुद्दा म्हणून पुढे करणे पटण्याजोगे नाही.

किंमत : जो प्रश्न सर्वांत कमी विचारला गेला

जैतापूरवरील मराठी लेखनाचा मोठा भाग किरणोत्सर्ग, भूकंप, मासळी आणि आंबा यांनी व्यापला आहे. वस्तुतः प्रकल्पाचे सर्वांत कच्चे अंग आर्थिक आहे, आणि एन्रॉनच्या राज्याने ते सर्वांत आधी ओळखायला हवे होते. डिसेंबर १९९३ मध्ये दाभोळच्या विजेचा खरेदीकरार झाला, मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, आणि २००१ मध्ये, म्हणजे दोनच वर्षांत, वीज महागडी व मंडळ देणे फेडण्यास असमर्थ म्हणून तो बंद पडला. माधव गोडबोले समितीने त्या कराराची जी चिकित्सा केली, तीतून एक साधी गोष्ट शिकायची होती: प्रकल्प हवा की नको यापेक्षा तो कोणत्या दराने आणि कोणाच्या हमीवर, हा प्रश्न आधीचा आहे.

जैतापूरसाठी निवडलेली ‘ईपीआर’ ही बनावट करारप्रसंगी कोठेही चालू नव्हती. फिनलंडमधील ओल्किलुओटो येथे २००५ मध्ये तिचे बांधकाम सुरू झाले, २००९ मध्ये वीज मिळावयाची होती. नियमित वीज मिळाली एप्रिल २०२३ मध्ये. फ्रान्समधील फ्लामांव्हिल येथे डिसेंबर २००७ मध्ये सुरू झालेली भट्टी २१ डिसेंबर २०२४ रोजी जाळ्याला जोडली गेली. ३३० कोटी युरोंचा अंदाज १,३२० कोटी युरोंवर गेला, तोही व्याज न धरता. चीनमधील तैशान येथील दोन भट्ट्या तुलनेने लवकर, २०१८ व २०१९ मध्ये, सुरू झाल्या; त्यांतील एक इंधनकांड्या खराब झाल्याने २०२१ मध्ये वर्षभर बंद ठेवावी लागली.

हे आकडे मराठी वाचकाला उमगतील अशा रूपात मांडून पाहिले पाहिजेत. युरोचा भाव ९० रुपये धरला तर फ्लामांव्हिलचा खर्च प्रति मेगावॉट सुमारे ७२ कोटी रुपये होतो. केंद्र सरकारने २०१७ मध्ये ७०० मेगावॉटच्या दहा स्वदेशी जडपाणी भट्ट्यांना १ लाख ५ हजार कोटी रुपयांच्या अंदाजाने मंजुरी दिली. म्हणजे प्रति मेगावॉट १५ कोटी. भांडवलावर व्याज, परतफेड व नफा मिळून वर्षाला केवळ १० टक्के आकारणी धरली आणि भारांक ८५ टक्के मानला, तर निव्वळ भांडवली खर्चच फ्लामांव्हिलच्या दराने प्रति युनिट साडेनऊ रुपयांच्या पुढे जातो. स्वदेशी भट्टीच्या दराने तो सुमारे दोन रुपये येतो. भारतात मजुरी व बांधकाम स्वस्त आहे, सहा भट्ट्या एकत्र बांधण्याची काटकसर आहे, हे मान्य करून फ्रेंच खर्च निम्मा केला, तरी तो आकडा पावणेपाच रुपयांच्या खाली येत नाही. इंधन, देखभाल आणि विसर्जननिधी वेगळा. सौर विजेचे दर याच काळात निविदांमध्ये अडीच ते तीन रुपयांच्या आसपास आले. सूर्य रात्री नसतो हे खरे, आणि साठवणुकीचा खर्च त्यात मिळवावा लागतो. पण साडेनऊ किंवा पावणेपाच रुपयांशी तुलना करताना तो मिळवूनही सौर वीज हरतेच असे म्हणता येत नाही.

मग ही बनावट का निवडली गेली? या प्रश्नाचे सर्वांत मोकळे उत्तर विरोधकांनी नव्हे, तर डॉ. अनिल काकोडकर यांनी दिले. अणुऊर्जा आयोगाचे माजी अध्यक्ष या नात्याने जानेवारी २०११ मध्ये ‘सकाळ’मध्ये लिहिलेल्या लेखात त्यांनी असे प्रतिपादन केले की, भारतावरील अणुनिर्बंध उठवून घेताना सामर्थ्यवान देशांच्या व्यापारी हितसंबंधांची दखल घेणे भाग होते, आणि परदेशी भट्ट्यांची आयात हा त्या व्यवहाराचा भाग होता. काकोडकरांचा हा स्पष्टवक्तेपणा आदरणीय आहे. राष्ट्रीय धोरण म्हणून तो व्यवहार समर्थनीयही असू शकेल. निर्बंध उठल्याने आयात युरेनियम मिळाले व स्वदेशी भट्ट्यांचा भारांक सुधारला. परंतु त्यामुळे माडबनच्या लाभहानीच्या ताळेबंदात एक नवी बाब येते, जी कोणत्याही पर्यावरण आघात अहवालात नव्हती. राजनैतिक लाभ संपूर्ण राष्ट्राचा, त्याचे मोल मात्र एका तालुक्याच्या जमिनीत आणि राज्याच्या वीजबिलात. ‘स्वच्छ, स्वस्त, सुरक्षित’ या त्रयीतील मधला शब्द त्या लेखानंतर मागे घ्यायला हवा होता. तो प्रचारपत्रकांत तसाच राहिला.

भरपाईच्या उत्तरदायित्वाचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. २०१० च्या अणुहानी नागरी उत्तरदायित्व कायद्याने चालकाची जबाबदारी १,५०० कोटी रुपयांपर्यंत मर्यादित केली, आणि कलम १७(ब) अन्वये सदोष सामग्री पुरविणाऱ्याकडे दाद मागण्याची वाट ठेवली. भोपाळच्या अनुभवातून आलेली ही तरतूद परदेशी पुरवठादारांना सर्वाधिक खटकत होती. २०२५ च्या कायद्याने जुना कायदा रद्द केला व ती तरतूद त्या रूपात उरली नाही. एक विसंगती येथे ठळकपणे दिसते. अपघाताची शक्यता नगण्य असेल, तर तिचे उत्तरदायित्व स्वीकारण्यास पुरवठादार का कचरतो? आणि तो कचरत असेल, तर नाट्याच्या मच्छीमाराने निर्धास्त राहावे अशी अपेक्षा कोणत्या आधारावर?

जमीन ‘पडीक’ कशी ठरते :

भूसंपादनाच्या कागदपत्रांत माडबनची बरीचशी जमीन पडीक म्हणून नोंदली गेली. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी या परिसराची पाहणी केली, तेव्हा त्याच जमिनीत भात, आंबा, काजू, फणस आणि गुरांची चराई आढळली. यात लबाडीपेक्षा दृष्टीचा दोष अधिक आहे. कोकणातला सडा हा महसुली नजरेला कातळ असतो. पावसाळ्यात तोच गवताळ कुरण होतो. समुद्राची तर नोंदच नसते. साखरी नाटे येथील मच्छीमारांच्या नावे सातबारा नाही, म्हणून ते ‘प्रकल्पग्रस्त’ या व्याख्येत सहजी बसत नाहीत. पण शीतकरणाचे कोमट पाणी रोज प्रचंड प्रमाणात सोडले जाणार ते त्यांच्याच जाळ्यांच्या टापूत. बहुसंख्य खातेदारांनी सुरुवातीला धनादेश नाकारले. १८ एप्रिल २०११ रोजी नाटे येथे पोलीस गोळीबारात एक जण मृत्युमुखी पडला. राज्य सरकारने २०१३ मध्ये भरपाईचा दर हेक्टरी साडेबावीस लाख रुपयांपर्यंत वाढविला आणि पुष्कळांनी ती स्वीकारली. याचा अर्थ विरोध पैशासाठी होता, असा काढला गेला. तो उथळ आहे. जमीन गेलीच आहे असे दिसल्यावर घेतलेली भरपाई ही संमती नव्हे. कोयनेच्या विस्थापितांचे पुनर्वसन कित्येक दशके रेंगाळले, हे सातारा-रत्नागिरीच्या प्रत्येक खातेदाराच्या कानावर आहे.

अणुकचऱ्याच्या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी भरपूर शाई खर्ची पडली आहे. येथे एवढेच म्हणणे पुरे की भारत वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करतो, उरलेल्या तीव्र कचऱ्याचे काचेत घनीकरण करण्याची सोय तारापूर, तुर्भे व कल्पाक्कम येथे आहे, आणि आकारमानाने तो कोळशाच्या राखेच्या मानाने अत्यल्प आहे. त्याचा दीर्घायुषीपणा हा नैतिक प्रश्न आहे, पण जैतापूरचा निकाल त्यावर लागत नाही.

पर्यायाची तुलना कोणाशी :

या सर्व विवेचनातून अणुऊर्जेला सरसकट नकार निघत नाही. काकरापार येथील ७०० मेगावॉटच्या दोन स्वदेशी भट्ट्या २०२३ व २०२४ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाल्या. त्यांनाही विलंब झालाच. परंतु त्यांची किंमत, इंधन आणि दुरुस्तीचे ज्ञान देशाच्या हाती आहे. कोळशाची जागा घेण्यासाठी अशा भट्ट्यांचा, विद्यमान अणुकेंद्रांच्या आवारात, विचार करणे समर्थनीय ठरते. जैतापूरच्या फ्रेंच प्रस्तावाचे समर्थन मात्र उपलब्ध आकड्यांवरून करता येत नाही. समर्थक जैतापूरची तुलना नेहमी कोळशाशी करतात आणि जिंकतात. विरोधक तिची तुलना सौर पॅनेलशी करतात आणि तेही जिंकतात. खरी तुलना काकरापारशी आहे, आणि ती दोघेही टाळतात. समर्थकांना ती केल्यास आयातीचे स्पष्टीकरण द्यावे लागेल. विरोधकांना कोणतीतरी अणुभट्टी मान्य करावी लागेल.

मागणीचे स्वरूपही २०१० पासून बदलले आहे. तेव्हा शिरोळच्या शेतकऱ्याचा प्रश्न वीज मिळण्याचा होता. पुढे तो दिवसा मिळण्याचा झाला, कारण आठवड्यातून काही रात्री उसाला पाणी पाजण्यासाठी अंधारात बांधावर जावे लागे आणि साप-विंचवाची धास्ती असे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने कृषिपंपांना दिवसा वीज देण्याचा जो मार्ग धरला, त्यात अणुभट्टीला जागा नाही. अणुभट्टी चोवीस तास एकाच लयीत चालविली तरच तिचे अर्थकारण बसते. दुपारी सौर वीज भरपूर असताना तिने काय करायचे, हा प्रश्न २०१० च्या कोणत्याही अहवालात नव्हता, कारण तेव्हा दुपारची वीज शिल्लक राहील अशी कोणी कल्पनाही केली नव्हती. तूट उरते ती संध्याकाळी सहा ते दहा या वेळेची. त्या चार तासांसाठी कोयनेसारखी जलविद्युत, उदंचन प्रकल्प आणि बॅटरी साठवण यांच्या खर्चाशी ९९०० मेगावॉटची अखंड निर्मिती ताडून पाहणारा तक्ता, दर, हमी आणि व्याजासह, माडबनच्या पुढच्या जनसुनावणीपूर्वी मराठीत प्रसिद्ध व्हायला हवा.